चेहऱ्याला नाव देताना

युद्धकाळातील एखादे जुने छायाचित्र-पोस्टकार्ड हाती आले, की त्यातील माणूस कोण असेल हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. जर्मन गणवेशातील एक तरुण छायाचित्रकाराच्या दालनात रंगवलेल्या पडद्यासमोर उभा असतो. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा कमरेच्या पट्ट्याशी. कार्डाच्या मागे कधी चार ओळी असतात, कधी नुसती कोरी जागा. त्या तरुणाला त्याचे नाव परत मिळावे असे वाटणे हे माणुसकीचेच लक्षण आहे आणि त्या इच्छेला आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या इच्छेपोटी होणाऱ्या घाईला आणि त्याहून अधिक, आपल्या सोयीचे नाव त्या चेहऱ्यावर चिकटवण्याच्या वृत्तीला. छायाचित्रातील माणसाला नाव देणे म्हणजे त्याच्याविषयी साक्ष देणे होय. मृत माणूस आपल्याविषयीची साक्ष खोडून काढू शकत नाही. यास्तव ती जिवंतांविषयीच्या साक्षीपेक्षा अधिक जपून द्यावयास हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना हे मत फाजील काटेकोरपणाचे वाटते, त्यांच्याशी आम्हांस येथे वाद घालावयाचा आहे.

प्रथम ही कार्डे निनावी का राहिली ते पाहू. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या रणडाकेने सुमारे २८.७ अब्ज टपालवस्तू वाहिल्या. शिपायांची साधी पत्रे व कार्डे विनामूल्य जात. १९०५ पासून जर्मनीत पोस्टकार्डाच्या मागील बाजूचे दोन भाग करून एकात मजकूर व दुसऱ्यात पत्ता लिहिण्याची मुभा मिळाली होती, त्यामुळे दर्शनी बाजू सबंध चित्रासाठी मोकळी झाली. छायाचित्रकार थेट कार्डाच्या कागदावरच प्रती काढून देत आणि शिपाई त्या घरी धाडीत. आईला, पत्नीला, बहिणीला पाठवलेल्या कार्डावर स्वतःचे पूर्ण नाव कोण लिहील? ज्यांच्यासाठी ते कार्ड होते ती माणसे त्याला ओळखत होती. दोन पिढ्यांनंतर ती माणसे गेली, घर आवरताना आल्बम विकला गेला, व्यापाऱ्याने एकेक कार्ड सुटे करून मांडले. आल्बममध्ये त्याच्या शेजारी कोणाचे चित्र होते, आधीच्या पानावर कोणते गाव होते, हा सारा संदर्भ त्या सुटे करण्यातच नष्ट झाला. नाव हरवले ते असे; त्याचा नाश रणांगणावरच झाला असे समजण्याचे कारण नाही.

आता ओळख पटवणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद घेऊ. गणवेश सर्व काही सांगतो, असे ते म्हणतात. गणवेश पुष्कळ सांगतो हे आम्हांसही मान्य आहे. पहिल्या महायुद्धातील जर्मन शिपायाच्या टोपीवर दोन गोल बिल्ले असत. वरचा साम्राज्याच्या काळ्या-पांढऱ्या-लाल रंगांचा, खालचा त्याच्या राज्याचा: प्रशियाचा काळा-पांढरा, बव्हेरियाचा पांढरा-निळा. खांद्यावरच्या पट्टीवर पलटणीचा क्रमांक किंवा तिच्या मानकऱ्याची आद्याक्षरे असत. टोपीवर क्रूस असेल तर तो बहुधा वयस्कांच्या राखीव दलातला, हे कळते. अंगरख्याची बटणे झाकलेली असतील तर तो १९१५ नंतर प्रचारात आलेला साधा अंगरखा असण्याचा संभव असतो. कार्डामागील वळणदार जुन्या जर्मन लिपीला आजकाल सरसकट ‘झ्युटरलीन’ म्हणतात. परंतु ती लिपी प्रशियातील शाळांत आली १९१५ मध्ये, तेव्हा १९१४ साली आघाडीवर गेलेल्या माणसाचे वळण तिच्याही आधीचे असणार. हे सारे ज्ञान कष्टाने मिळते आणि ते मिळवणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि एका पायदळ पलटणीत सुमारे तीन हजार माणसे असत आणि मेलेल्यांच्या जागी नवी माणसे येत राहत. शिवाय शत्रूला क्रमांक कळू नये म्हणून तो झाकलाही जाई. गणवेशावरून फार तर पलटण कळते. तीन हजारांतला हा एक कोणता, हे कापड सांगू शकत नाही.

किंबहुना हा शिपाई ‘जर्मन’ होता हेही कापडावरून ठरत नाही. १९१४ ते १९१८ या काळात कैसरच्या सैन्यात पोलिश होते, आल्सासचे होते, उत्तर श्लेस्विगचे डॅनिश भाषक होते. दुसऱ्या महायुद्धात आल्सास व मोझेल या प्रांतांतील सुमारे १,३०,००० पुरुषांना बळजबरीने जर्मन सैन्यात भरती करण्यात आले. त्यांच्या मायदेशात आजही त्यांना ‘आमच्या इच्छेविरुद्ध’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण म्हणजे सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने जर्मनीत उभ्या राहिलेल्या आझाद हिंद पलटणीचे. उत्तर आफ्रिकेत कैद झालेले हिंदी शिपाई त्या पलटणीत जर्मन सैन्याचा गणवेश घालून उभे राहिले आणि बाहीवर झेपावणाऱ्या वाघाचे चिन्ह लावून त्यांनी छायाचित्रेही काढून घेतली. बाही दिसत नसलेल्या एखाद्या धूसर कार्डावरून त्यांच्याविषयी कोणी काय ठरवील, याचा विचार करावा.

मग दफ्तरे पाहा, असे कोणी म्हणेल. अवश्य पाहावीत. पहिल्या महायुद्धातील हताहतांच्या जर्मन याद्यांत सुमारे ८५ लाख नोंदी आहेत आणि स्वयंसेवकांनी त्या शोधण्याजोग्या करून ठेवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातील शिपायांच्या नोंदी सांभाळणारी बर्लिनची कचेरी १ जानेवारी २०१९ पासून जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विलीन झाली आहे. बव्हेरियाच्या पलटणींच्या नामावळ्या म्युनिकमध्ये बऱ्याच अंशी टिकल्या आहेत. पण प्रशियाच्या सैन्याचे दफ्तर पॉट्सडाम येथे होते आणि १४ एप्रिल १९४५ च्या रात्री झालेल्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात त्याचा फार मोठा भाग जळून गेला. जर्मन सैन्याचा सर्वांत मोठा हिस्सा प्रशियाचा होता. अर्थात नाव, गाव, तारीख यांपैकी काहीही हाताशी नसलेल्या प्रशियन शिपायाचा शोध पुष्कळदा तेथेच थांबतो. अशा वेळी कार्डाखाली ‘अज्ञात’ लिहिणे हे अपयश नाही. ते प्रामाणिक उत्तर आहे.

एकट्या उभ्या असलेल्या शिपायाच्या बाबतीत चूक झाली तर एखाद्या घराच्या भिंतीवर परक्याचा आजोबा टांगला जाईल, एवढेच नुकसान, असे कोणास वाटेल. परंतु ज्या छायाचित्रात एखादे दुष्कृत्य घडत आहे, तेथे हीच घाई काय करते हे पाहिले म्हणजे आमच्या आग्रहाचे कारण ध्यानी येईल.

२० जुलै १९४१ रोजी सर्बियातील स्मेदेरेव्स्का पालान्का येथे जर्मन सैनिकांनी सोळा बंदिवान पार्टिझनांना गोळ्या घातल्या. त्या प्रसंगाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांत शिरस्त्राण व बंदूक नसलेली एक आकृती दिसते. युद्धानंतर या आकृतीभोवती एक गोष्ट तयार झाली. हा शिपाई म्हणे गोळी झाडण्यास नकार देऊन रांगेतून बाहेर पडला, बंदिवानांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि आपल्याच सोबत्यांच्या गोळ्यांनी मेला. त्या आकृतीला नावही मिळाले: ७१४ व्या पायदळ डिव्हिजनमधला योजेफ शुल्त्स. या गोष्टीवर १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियात एक लघुपट निघाला आणि तो देशोदेशी दाखवला गेला. जर्मन लष्करी कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. योजेफ शुल्त्स नावाचा शिपाई खरोखर होता, परंतु तो पार्टिझनांशी झालेल्या चकमकीत त्या हत्येपूर्वीच मारला गेला होता. छायाचित्रातील आकृती त्याची असूच शकत नाही.

आता या गोष्टीचे कैवारी म्हणतात: नसेल शुल्त्स, पण बोध तर खरा आहे ना? विवेकबुद्धीसाठी प्राण देणाऱ्या शिपायाची कथा ऐकून तरुणांच्या मनावर चांगला संस्कार होत असेल, तर कागदपत्रे उकरून ती मोडण्यात काय पुरुषार्थ? हा युक्तिवाद वरवर पाहता सयुक्तिक वाटतो, आणि व्यासपीठावरून बोलण्याची ज्यांना सवय आहे त्यांना तर तो फारच मोहात पाडणारा आहे. आम्ही त्याच सवयीच्या माणसांपैकी आहोत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, या कथेत मेलेली सोळा माणसे मागे सरकतात. कथा सांगणाऱ्याला शुल्त्सचे नाव पाठ असते. त्या सोळांपैकी एकाचेही नाव त्याला सांगता येत नाही. ज्यांचा खरोखर बळी गेला ते एका जर्मन शिपायाच्या उदात्तपणाची पार्श्वभूमी होऊन बसतात. दुसरी गोष्ट, खऱ्या योजेफ शुल्त्सवरही यात अन्याय आहे. तो जसा मेला तसे त्याचे मरण त्याच्यापासून काढून घेऊन त्याला दुसऱ्याच मरणाचा मानकरी केले गेले. न केलेल्या सत्कृत्याचे श्रेय लादणे हीदेखील माणसाविषयीची खोटी साक्षच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. युद्धानंतर जर्मनीत ज्यांच्यावर नि:शस्त्र माणसांच्या हत्येबद्दल खटले भरले गेले, त्यांचा ठरलेला बचाव होता, ‘नकार दिला असता तर आम्हांलाच गोळी घातली असती.’ या बचावाची छाननी पुढे न्यायालयांनी केली, १९५८ मध्ये लुडविग्सबुर्ग येथे नाझी गुन्ह्यांच्या तपासासाठी स्थापन झालेल्या मध्यवर्ती कचेरीने केली, इतिहासकारांनी केली. नि:शस्त्र नागरिकांना मारण्यास नकार दिला म्हणून एखाद्याला देहदंड झाला, असे एकही प्रकरण आरोपींच्या वकिलांना कागदोपत्री दाखवता आले नाही. नकार देणाऱ्यांना टोमणे ऐकावे लागले, बढती गमवावी लागली, दुसरे काम मिळाले. ख्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हांबुर्गच्या १०१ व्या राखीव पोलीस बटालियनची हकीगत दिली आहे. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील योझेफुव या गावी सुमारे १,५०० यहुद्यांची हत्या करण्यापूर्वी मेजर विल्हेल्म ट्राप याने आपल्या माणसांना सांगितले, की ज्या वयस्कांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे. सुमारे पाचशे माणसांतून दहा-बारा पुढे आले. त्यांना कोणीही गोळी घातली नाही.

शुल्त्सची कथा या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी. ती नकार देणाऱ्याचा गौरव करते असे दिसते, पण तिच्या पोटात दडलेले विधान कोणते? नकार म्हणजे मरण. हेच विधान मारेकऱ्यांना हवे होते. जो बंदूक खाली ठेवतो तो जर तत्क्षणी मारला जात असेल, तर ज्यांनी ठेवली नाही त्यांना दोष कसा द्यावा? अशा रीतीने एका काल्पनिक हुतात्म्याच्या आडून हजारो खऱ्या मारेकऱ्यांना सबब मिळते. ज्या तरुणांवर चांगला संस्कार करावयाचा त्यांना आपण हेही शिकवतो, की सद्सद्विवेकबुद्धी ही केवळ वीरांनाच परवडणारी चैन आहे. योझेफुवच्या त्या दहा-बारा माणसांची हकीगत याहून कितीतरी अस्वस्थ करणारी आहे, कारण तेथे नकाराची किंमत अल्प होती आणि तरीही ती बहुतेकांनी मोजली नाही. बोध हवा असेल तर तो येथे आहे.

चांगला शिपाई दाखवण्याची ज्यांना खरोखर निकड आहे, त्यांच्यासाठी खरी माणसेही आहेत. व्हिएन्नाचा आन्टोन श्मिड हा जर्मन सैन्यात सार्जंटच्या हुद्द्यावर होता. १९४१ मध्ये व्हिल्नियस येथे त्याने यहुद्यांना लपवले, त्यांना कागदपत्रे मिळवून दिली, लष्करी मोटारींतून सुरक्षित वाटणाऱ्या गावी पोहोचवले. लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड दिला आणि १३ एप्रिल १९४२ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पत्नीला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात आपण केवळ माणूस म्हणून वागलो, असे त्याने कळवले. २००० साली जर्मन सैन्याने रेन्ड्सबुर्ग येथील आपल्या एका छावणीला त्याचे नाव दिले. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंडचा शेतकरी फ्रान्त्स येगरश्टेटर याने हिटलरच्या युद्धात शस्त्र घेण्यासच नकार दिला, म्हणून ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले. सैन्यसेवाच नाकारणाऱ्याला मरण होते, हे येथे स्पष्ट दिसते आणि नि:शस्त्रांवर गोळी झाडण्याच्या नकारापासून हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. या दोघांच्या मागे निकालपत्रे आहेत, पत्रे आहेत, त्यांना ओळखणाऱ्यांच्या साक्षी आहेत. १९४०-४१ मध्ये काही महिने येगरश्टेटरच्या अंगावरही तोच गणवेश होता, ज्यावरून आपण निनावी कार्डावरील माणसाचा स्वभाव वाचू पाहतो.

आता अलीकडचा युक्तिवाद राहिला. चेहऱ्यांची तुलना करणारी यंत्रे आली आहेत, तेव्हा जुन्या काटेकोरपणाची गरज संपली, असे सांगितले जाते. २०२५ मध्ये एका कुप्रसिद्ध छायाचित्रातील मारेकऱ्याची ओळख पटली, त्याचा दाखला यासाठी दिला जातो. खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकलेला एक माणूस, त्याच्या मागे पिस्तूल रोखून उभा असलेला शिपाई आणि पाहणाऱ्यांची गर्दी, असे ते छायाचित्र. १९६१ पासून ते ‘विनित्सामधील शेवटचा यहुदी’ या नावाने जगभर छापले गेले. इतिहासकार युर्गेन मात्थेउस यांनी या प्रकरणात काय केले हे नीट पाहावे. प्रथम वाल्टर माटर्ना या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या रोजनिशीबरोबर जपलेल्या प्रतीवरून त्यांनी दाखवले, की ही जागा विनित्सा नव्हेच; ती युक्रेनमधील बर्दिचिव होय आणि दिवस २८ जुलै १९४१ चा. जागा व दिवस कळल्यावर तेथे कोणते पथक होते ते कळले. त्यानंतर एका वाचकाने कळवले, की हा शिपाई आपल्या पत्नीचा नातलग असावा. कुटुंबाकडे त्याची छायाचित्रे होती. सर्वांत शेवटी यंत्राने चेहऱ्यांची तुलना केली आणि मोठे साम्य दाखवले. मारेकरी याकोबुस ओनेन हा पेशाने शिक्षक होता. १९४३ मध्ये तो युद्धात मारला गेला.

हे प्रकरण यंत्राच्या कैवाऱ्यांचे मुळीच नाही. येथे जागा, दिवस, पथक, कुटुंब आणि मग चेहरा असा क्रम आहे. प्रत्येक पायरीने पुढची पायरी अरुंद केली. शुल्त्सच्या बाबतीत उलट घडले होते. तेथे आधी नाव ठरले आणि पुरावे त्याच्या मागून बोलावले गेले. केवळ चेहऱ्याच्या साम्यावर विसंबणारे यंत्र लक्षावधी माणसांतून कोणी ना कोणी सारखा दिसणारा काढून देणारच. ओळख आधीच अरुंद झाली नसेल तर त्या साम्याला साक्षीचे मोल नाही. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये, दोघे-तिघे असावेत, हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक यंत्राच्या बाबतीत सैल करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. जे अशी कार्डे जमवतात, त्यांनी आल्बम फोडू नये आणि कार्डाची मागील बाजू दर्शनी बाजूइतकीच जपावी. जे नाव देतात, त्यांनी ते कशावरून दिले हे नावाशेजारीच लिहावे. ‘असावा’ हा शब्द जेथे हवा तेथे तो गाळू नये. जे व्यासपीठावरून बोलतात, त्यांनी छायाचित्राचा आधार घेण्यापूर्वी त्याची शहानिशा करावी आणि ती करणे शक्य नसेल तर ती गोष्ट सांगू नये. आणि आपल्या घरच्या पेटीत जी छायाचित्रे आहेत, त्यांच्या मागे ती माणसे ओळखणारे कोणी हयात आहे तोवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला अंदाज करावा लागू नये याची ही सर्वांत स्वस्त तजवीज आहे.

बर्दिचिवच्या त्या छायाचित्रात मारणाऱ्याचे नाव ८४ वर्षांनी मिळाले. ते जाहीर झाले तेव्हाही खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून थेट छायाचित्रकाराकडे पाहणाऱ्या माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी एखादे नाव सुचवणे अवघड नाही. त्या गावातील कोणतेही यहुदी नाव चालेल असे म्हणणारे निघतील. ते चालणार नाही. त्याचे स्वतःचे नाव पुराव्यानिशी मिळेपर्यंत ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवणे, एवढेच आपल्याकडून त्याचे देणे आहे.